मायामोह

गडचिरोलीत आपल्या घरी मांजर आहे असं सांगून कुणावर छाप पडत नाही. इथं मांजरकुळ बिबट्यापासून सुरू होतं. त्याहून लहान जे काही असेल त्याची दखल उंदरांनी घ्यावी. "रात्रभर मांजरामुळं डोळा लागला नाही," असं मी स्टाफरूममध्ये म्हणालो, तेव्हा सिंदेवाहीच्या एका सहकाऱ्यानं हातातला डबा खाली ठेवून कळवळून विचारलं, "शेळी नेली का कोंबड्या?"

"नेलं काही नाही हो. त्याला होतच नाहीये."

"काय होत नाहीये?"

मी सांगितलं. क्षणभर शांतता पसरली आणि मग खुर्च्या सरकल्या. या भागात वाघाची एकेक गोष्ट प्रत्येकाकडे असते, तसा पोट साफ न होण्यावरचा एकेक इलाजही असतो. फरक एवढाच, की गोष्ट ऐकून सोडून देता येते. इलाजाची दुसऱ्या दिवशी चौकशी होते.

मी तिथं मराठी शिकवत होतो, तासिका तत्त्वावर. ज्यांना हे तत्त्व ठाऊक नाही ते सुखी आहेत. जेवढे तास शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे. सुट्टी, आजारपण, गॅदरिंग यांचे नाहीत. आणि जे आहेत त्यांचं बिल कॉलेजातून वर जातं, त्रुटी लागून खाली येतं, त्रुटी काढून पुन्हा वर जातं. त्या एप्रिलमध्ये माझं दिवाळीनंतरचं सगळं बिल असंच मध्ये कुठंतरी ठाण मांडून होतं. किराणा उधारीवर, खोलीचं भाडं मालकीणबाईंच्या चांगुलपणावर आणि मोटरसायकल अंदाजावर चालली होती. अशा काळात शहाणा माणूस स्वतःचं पोट कसं भरेल ते बघतो. मी दुसऱ्याचं रिकामं कसं होईल या विवंचनेत पडलो.

निमित्त कूलरचं. होळी झाली की विदर्भात माणूस कूलर बाहेर काढतो. मी जरा उशीरच केला होता. मागच्या पडवीतून तो ओढला तर आत गेल्या वर्षीच्या गवतावर मांजर व्यालेली. माझी चाहूल लागताच तिनं बिऱ्हाड हलवायला घेतलं. मानेला धरून एकेक पिल्लू कुंपणापलीकडे नेलं आणि एक ठेवून दिलं. जाणकार सांगतात, अशा वेळी लांब राहावं, आई बहुधा परत येते. मी लांब राहिलो, चहा होईपर्यंत. चहा झाल्यावर पिल्लू उचलून आत आणलं.

याला कारण हेमलकसा. भामरागड तालुक्यात १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकार झालेल्या माकडिणीला बिलगून बसलेलं जिवंत पिल्लू प्रकाश आमट्यांनी माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतलं, आणि पुढं त्यांच्या अंगणात बिबटे, अस्वलं, साप सगळं गोकुळ नांदलं. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना २००८ साली मॅगसेसे मिळाला. मी 'रानमित्र' वाचलेलं होतं आणि राहतही त्याच जिल्ह्यात होतो. अर्धं काम झाल्यासारखंच होतं. बिबट्यांची सोय जिथं होते तिथं वीतभर मांजराचं काय एवढं, असा माझा हिशेब होता. पिल्लाचं नाव मी माया ठेवलं, ताडोब्याच्या प्रसिद्ध वाघिणीवरून. ती वाघीण जिप्सीतल्या पाहुण्यांकडे ढुंकूनही बघत नसे म्हणतात. आमची माया चमच्याच्या आवाजाला घाबरून बुटात जाऊन बसली.

मांजराच्या पिल्लांसाठी खास भुकटीचं दूध मिळतं हे मला ठाऊक होतं. त्या डब्याच्या किमतीत माझा आठवडा निघत असे, म्हणून मी त्याचा विचार तात्त्विक पातळीवरच केला. गाईचं दूध मांजरांना बरेचदा पचत नाही, जुलाब होतात, असं स्टाफरूममधल्या एकानं बजावलं होतं. ते ऐकून मी दूध कमी केलं आणि ग्लुकोज बिस्किट वाढवलं. संडासासाठी आरा मशीनवरून सागाचा भुसा फुकट आणून पुठ्ठ्याच्या खोक्यात पसरला. आलापल्लीच्या सागवानाचे दिवाण करून घ्यायला लोक लांबलांबून येतात. मायाला ते लाकूड मी शौचाला दिलं होतं. आणि तीच तिथं काही करायला तयार नव्हती.

म्हणजे बसायची. भुसा उकरायची, शेपूट ताठ करायची, कान मागं घ्यायची आणि आठ गुणांचा प्रश्न आठवत बसलेल्या विद्यार्थ्यासारखा चेहरा करून समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. मग एक बारीक, किरटा आवाज काढून उठायची आणि आपण बसलो होतो ती जागा वळून हुंगायची. तिथं काहीच नसे. तरी ती त्यावर नीट भुसा ओढायची. हे दिवसरात्र चाललं, आणि पोट हाताला टणक लागायला लागलं.

इलाज आले. स्टाफरूमचं म्हणणं बहाव्याच्या शेंगेचा गर द्या. एप्रिलात चंद्रपूर रस्त्याला बहावा पिवळाधमक लटकलेला असतो आणि गेल्या वर्षीच्या लांब काळ्या शेंगा त्यातच लोंबत असतात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना तो गर देतात हे खरंच आहे. रसायनशास्त्राच्या सरांनी मात्रा विचारली, तेव्हा सांगणाऱ्यानं हातानंच एक माप दाखवलं. ते बैलाचं असावं. चंद्रपूरहून आईनं फोनवर एरंडेल सुचवलं आणि वर, "तुला लहानपणी तेच द्यायचे मी, म्हणून तू असा झालास," अशी माहिती दिली. ती कोणत्या अर्थानं घ्यावी हे मी विचारलं नाही. औषधाच्या दुकानात ईसबगोल मागितलं तर लहान पुडी नव्हती, मोठा डबा होता. (तो डबा पुढं बरेच महिने मीच संपवत होतो. त्या प्रकरणातून कायमचा फायदा कुणाचा झाला असेल तर माझा.) दुकानदारानं आपण होऊन एक एनिमाही पुढं केला. पेशंट कोण हे मी संकोचानं सांगितलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघून आपला अंदाज बांधला असावा.

शेजारच्या खोलीत एक वनरक्षक राहत. त्यांचा सल्ला मात्र मी गंभीरपणे घेतला, कारण या विषयात त्यांचा सरकारी अनुभव होता. दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते, तेव्हा बीटावरचे लोक ठरलेल्या वाटा तुडवत मांसाहारी प्राण्यांच्या खुणा नोंदवतात: ठसे, झाडावरचे ओरखडे आणि विष्ठा. वाघानं काय खाल्लं हे त्याच्या विष्ठेतल्या केसांवरून ठरतं. वाघाच्या विष्ठेला पीळ कमी, बिबट्याच्या जास्त, हे त्यांनी मला हवेत बोट फिरवून समजावलं. मग गुडघ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात आमचं खोकं तपासलं.

"सर, इथं तर काहीच साइन नाही."

"तेच तर म्हणतोय."

"उकरल्याच्या खुणा आहेत, पण माल नाही." त्यांनी बॅटरी विझवली. "गवत खाऊ द्या जरा. वाघ पण खाते."

आम्ही दोघांनी मिळून दूर्वा खुडल्या. माया त्यांच्याशी तासभर खेळली.

मालकीणबाईंचा इलाज शेवटी आला आणि तो थेट होता. "माह्या भाच्याले असंच झालतं जी, सर. इड्याच्या पानाचा देठ एरंडीच्या तेलात बुडवला आन् लावला मागून. पाच मिंटात मोकळं." घरोघरच्या आज्या तान्ह्या बाळांना हे करत आल्या आहेत, आणि बाळाला नख्या नसतात म्हणूनच ते जमत आलेलं आहे. काकूंनी देठ धरला, मी माया धरली. पुढं काय झालं ते फार झटपट झालं. देठ कुठंही पोचला नाही. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत मात्र चार समांतर रेघा उमटल्या आणि तेलाची वाटी माझ्या एकुलत्या एक इस्त्रीच्या पँटवर पडली.

मांजराच्या नखानं रक्त आलं तर रेबीजची लस घ्यावी लागते. सरकारी रुग्णालयात ती फुकट मिळते, आणि त्या महिन्यात 'फुकट' या शब्दाला मी नकार देत नव्हतो. रांगेत उभा राहिलो. टेबलापाशी सिस्टरनं रजिस्टर उघडलं.

"प्राणी?"

"मांजर."

तिनं मान वर केली. "रानमांजर?"

"नाही. घरातलं."

"केवढं?"

मी दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरले, आणि मग प्रामाणिकपणानं आणखी जवळ आणले. माझ्यामागं धानोऱ्याकडचे एक बाबा उभे होते. त्यांच्या पोटरीला कुत्र्यानं चांगला लचका मारला होता. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, तळव्यांमधल्या अंतराकडे बघितलं आणि सभ्यपणे खिडकीबाहेर बघायला लागले. सिस्टरनं विचारलं, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली का? मी म्हणालो, पँट धुतली. शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस अशा दिवसांचं कार्ड हातात आलं. संध्याकाळी वनरक्षकांनी ते कार्ड उलटसुलट पाहिलं आणि हळहळले. वाघ, बिबट, अस्वल, रानडुक्कर यांनी जखमी केलं तर वनविभाग भरपाई देतो. "मांजर यादीत बसत नाही, सर. जरा मोठं पाळायचं होतं."

निघताना सिस्टरनं विचारलेला प्रश्न मात्र डोक्यात राहिला होता: "मांजराला डॉक्टरला दाखवलं का?" दाखवलं नव्हतं. जनावरांचा डॉक्टर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं नागपूरचे काचेच्या दाराचे दवाखाने येत, जिथं आत शिरायचेच पैसे पडतात असा माझा समज होता. जिल्हाभर सरकारी गुरांचे दवाखाने आहेत आणि मांजरालाही तिथं मज्जाव नाही, हे मला त्याच दवाखान्यासमोरून वर्षभर ये-जा करून सुचलं नव्हतं.

तिथं पोट फुगलेली शेळी होती, खूर दुखावलेला गोऱ्हा होता, धान्याच्या पिशवीतून मान काढून बसलेली कोंबडी होती. माझ्या पिशवीत काय आहे याबद्दल सगळ्यांना कुतूहल. मी आत गेलो. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो मला अनपेक्षित होता.

"लघवी होते का?"

होत होती, माझी उशी साक्षीला होती. मग त्यांनी सांगितलं, लोक बोक्याला जोर लावताना बघतात, बद्धकोष्ठता समजून तेलं पाजत बसतात, आणि खरं म्हणजे मूत्रमार्ग तुंबलेला असतो. त्यात एक-दोन दिवसांत जनावर जातं. म्हणून आधी ते विचारायचं.

"पण ही मादी आहे. माया."

त्यांनी शेपूट उचललं. "बोका आहे हा."

एवढ्या महत्त्वाच्या बाबतीत माझी फसगत झाल्यावर पुढचं मी खालमानेनं ऐकलं. त्यांनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर गेली नाही, तंबूसारखी उभी राहिली. अंगातलं पाणी आटलं की असं होतं. हिरड्याही चिकट लागत होत्या.

"पाणी किती पितो?"

"दूध..."

"पाणी विचारलं मी."

बाहेर पारा चाळिशीच्या वर. मी रोज चार बादल्या पाणी कूलरला पाजत होतो.

त्यांनी पिशवीतलं सगळं टेबलावर काढायला लावलं. एरंडेल बाजूला सारलं: आतड्याला झोंबतं, पिल्लाला नको. कुणी लिक्विड पॅराफिन सांगेल तर तेही जबरदस्तीनं तोंडात ओतू नका, चव नसते, त्यामुळं ते कधी फुप्फुसात उतरतं कळत नाही. एनिमाची बाटली मात्र त्यांनी हातात घेऊन लेबल वाचलं आणि थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. "हे दिलं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर त्रास संपलाच असता. त्याचाही आणि तुमचाही." त्यात फॉस्फेट असतं, मांजराच्या रक्तातल्या क्षारांचा तोल त्यानं पार बिघडतो. माणसांची औषधं मांजराला परस्पर द्यायची नसतात; पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण तिचा नीट निचरा करायची सोय त्याच्या यकृतात नाही. स्टाफरूममध्ये 'अंग गरम लागतं का? मग क्रोसिनचा तुकडा द्या' असाही एक सल्ला आला होता. तो मी डॉक्टरबाईंना सांगितला नाही.

कातडीखाली त्यांनी सलाइन सोडलं. पाठीवर वशिंड आलं आणि आमचा बोका काही तास खिलारी गोऱ्ह्याच्या थाटात फिरला. जंताचं औषध दिलं, कारण पिल्लांच्या पोटात जंत गृहीतच धरायचे असतात. लॅक्टुलोजचे थेंब लिहून द्यायचे होते, पण ते वजनावर. दवाखान्यातला काटा शेळ्यांचा. त्यावर बोका ठेवला तर काटा जागचा हललाच नाही. मी पिल्लू घेऊन शेजारच्या किराणा दुकानात गेलो. ४२० ग्रॅम. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "पॅक करून देऊ?"

पावतीचे पैसे मी खिशातल्या चिल्लरमधून दिले. एरंडेल, ईसबगोल, एनिमा आणि पँटवरचे डाग काढायची पावडर यांची बेरीज मी त्या दिवशी केली नाही आणि आजही करणार नाही.

घरचं काम वेगळंच होतं. मांजराच्या पिल्लांना पहिले तीनेक आठवडे आपणहून शी-शू करता येत नाही. आई शेपटीखाली चाटते तेव्हा ते होतं. आमचं पिल्लू त्या वयाच्या जरा पुढं गेलेलं असलं तरी उपाय लागू पडतो, फक्त चाटायची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते. डॉक्टरबाईंनी माझा चेहरा बघून घाईनं जोड दिली, "म्हणजे कोमट पाण्यात भिजवलेला कापूस." बिस्किट बंद. उकडलेल्या कोंबडीचं किंवा मासळीचं पातळ, मीठ-कांदा-लसूण न घातलेलं. कांदा-लसूण मांजराला विषच. त्यात नखभर उकडलेलं कोहळं. तेवढं कोहळं कुणी विकत नाही. बाजारात बाई म्हणाली, "कापून नाही देत, अख्खं घ्या." आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत कोहळ्याची भाजी असतेच, त्या आठवड्यात आमच्या अंगणात रोज लग्न होतं. काकूंनी शेवटी बोंडं केली, तेव्हा कुठं ते संपलं.

रात्री वीज गेली. काकूंनी मोबाईलची बॅटरी धरली आणि एम.ए., नेट, शोधनिबंध प्रकाशित असा मी, डाव्या हातात शेपूट आणि उजव्या हातात कापूस घेऊन बसलो. तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी स्पीकर लावला. कॉलेजातला तासिकावालाच, हिंदीचा.

"सर, निघालं का?"

"नाही अजून. हलक्या हातानं चालू आहे."

"म्हणजे? कुणाला भेटलात?"

"डॉक्टरबाईंना. त्या म्हणाल्या, दाबायचं नाही, कोमट कापूस फिरवत राहायचा, उद्या सकाळपर्यंत वाट बघायची. नाहीच निघालं तर त्या भूल देऊन हातानं काढतील."

पलीकडे बराच वेळ आवाज नाही.

"सर, मी बिलाचं विचारतोय."

"तेही नाही," मी म्हणालो.

सकाळी अंगणात मोह पसरलेला होता. रात्री झाडाखाली गळलेली फुलं काकूंच्या भावाकडची माणसं पहाटे वेचतात आणि वाळवायला आमच्याकडे टाकतात. मळकट पांढरी, रसाळ फुलं ताडपत्रीवर तपकिरी होईस्तोवर पडून असतात आणि सगळं घर त्या गोड, जड वासानं भरून जातं. माया (नाव बदलायचं राहून गेलं) खोलीतून बाहेर आला. सागाच्या भुशाकडे बघितलंही नाही. ताडपत्रीच्या मधोमध गेला, फुलं उकरली, शेपूट ताठ केलं. वनरक्षक दात घासता घासता थांबले. काकूंनी हातातली केरसुणी तशीच धरून ठेवली. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

आणि झालं.

वनरक्षकांनी घाईनं चूळ भरली आणि उकिडवे बसले. मापासाठी शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढला. "तीन तुकडे. कोरडं. केस नाही, गवत नाही," ते म्हणाले. मग थोडं वाकून, बहुधा अहवाल पूर्ण करण्यासाठी, "मांजरच आहे."

तोवर मायानं पंजानं आजूबाजूची फुलं ओढून सगळं व्यवस्थित झाकून टाकलं होतं आणि तो कूलरखाली निघूनही गेला होता. इतकं व्यवस्थित, की नेमकी जागा कोणती यावर काकूंचं आणि वनरक्षकांचं एकमत होईना. काडेपेटीही फुलांत कुठंतरी गेली होती. शेवटी काकूंनी अंदाजानं दोन ओंजळी मोह उचलून कुंपणापलीकडे फेकला. बाकीचा वाळला, पोत्यात भरला गेला आणि एके सकाळी सायकलवर बांधून कुणीतरी घेऊन गेलं. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असल्यामुळं तो पुढं कुठं गेला, हे विचारायची सोय नाही.